प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या मावशीस

प्रिय हबरयार,

सोमाली भाषेत आईच्या बहिणीला हबरयार म्हणतात, म्हणजे 'छोटी आई', हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी उत्साहाने 'माय मरो पण मावशी जगो' ही म्हण सांगायला गेले. आईने का मरायचं, म्हणून तुम्ही दचकलात! त्या दिवसापासून तुम्ही माझ्या मावशी. हे पत्र मराठीत आहे, कारण माझ्या माणसांना तुमच्याबद्दल सांगायचंय. तुम्हाला ते मी तुमचा वेलदोडा घातलेला चहा पिता पिता वाचून दाखवीन.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला मी मिडवाइफ म्हणून नवीन होते. गरोदर बाईच्या पहिल्या भेटीत फॉर्मवरचा तो प्रश्न मी रक्तगट विचारावा तसा विचारायचे : एफजीएम झालंय का? म्हणजे लहानपणी जननेंद्रिय कापणं, मुलींची सुंता. एक बाई ठामपणे नाही म्हणाली. ऐन कळांमध्ये लक्षात आलं, लहानपणी तिला कापून शिवलेलं होतं, लघवी आणि पाळीपुरती जागा सोडून. जे काही महिने आधी शांतपणे उघडता आलं असतं, ते आम्ही घाईत उघडलं. मी तिच्यावरच चिडले. तुम्ही दुभाषी होतात. मला बाहेर नेऊन तुम्ही सांगितलंत, की ती खोटं बोललेली नाही. तिच्या घरी त्याला 'गुदनीन' म्हणतात, आणि माझ्या तीन इंग्रजी अक्षरांत तिला फक्त पोलीस ऐकू आले.

पोलीस ऐकू येणारच. इथे मुलींच्या सुंतेवर बंदी आली १९८५ मध्ये. २००३ च्या कायद्याने मुलीला परदेशी नेऊन करवणं हाही गुन्हा ठरला. पहिली शिक्षा झाली ती थेट २०१९ मध्ये. त्याच वर्षी ब्रिस्टल विद्यापीठाच्या अहवालात इथल्या सोमाली पालकांनी आपली गाऱ्हाणी मांडली : सुट्टीत आजीकडे जायचं म्हटलं तरी आपल्याकडे संशयाने बघतात. कायदा नको असं मी म्हणणार नाही. पण दारात चौकशी आली की घरातलं बोलणं बंद होतं, हे मला तुमच्यामुळे कळलं.

तुम्ही ते बोलणं सुरू केलंत. तुमच्या स्वयंपाकघरात बायका सांगायच्या, आमचं काय, पुरुषांना अशीच बायको लागते. पुढच्या खोलीतले पुरुष म्हणायचे, हा बायकांचा मामला, आम्हाला कोण विचारतं? दोन्हीकडे कुणालाच ते नको होतं आणि दोन्हीकडे वाटत होतं की ते समोरच्यांना हवंय! मग तुम्ही मुलग्यांच्या आयांना सगळ्यांसमोर बोलायला लावलंत, की आम्हाला न कापलेली सून चालेल. चीनमध्ये मुलींचे पाय बांधण्याची चाल मोडली ती अशाच शपथांनी : मुलीचे पाय बांधणार नाही आणि बांधलेल्या पायांची सून करणार नाही. सेनेगलच्या मालिकुंदा बंबारा गावच्या बायकांनी १९९७ मध्ये मुलींना कापण्याची चाल सोडत असल्याचं जाहीर केलं, तेही गावाने मिळून. एकट्या घराला ते जमत नाही, कारण मुलगी बिनलग्नाची राहण्याची भीती असते.

पुढे ही चाल थांबवण्याच्या, कॉव्हेंट्री विद्यापीठाच्या 'रिप्लेस' पद्धतीबद्दल वाचलं. आधी त्या समाजात शिरा, समाज किती तयार आहे ते मापा, मग काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या. वाचताना मला तुमचं स्वयंपाकघर दिसत होतं.

तुमची सगळ्यात हुशार चाल मात्र पत्रकाची. सोमालियातल्या २०२० च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ९९ टक्के स्त्रियांची सुंता झालेली आढळली. तिकडच्या आजीला इथली सून कशी नाही म्हणणार? २०१२ मध्ये ब्रिटिश सरकारने एक छोटं पत्रक काढलं होतं, ब्रिटनमध्ये हा गुन्हा आहे हे परदेशातल्या नातेवाइकांना दाखवण्यासाठी. तुम्ही प्रत्येकीच्या पासपोर्टमध्ये ते खोचून द्यायचात आणि बजावायचात, सासूशी भांडू नका, राणीच्या कायद्यावर बिल फाडा. ज्या कायद्याची मी धास्ती घातली होती, त्याचीच तुम्ही सुनांना ढाल करून दिलीत.

एक कबुली राहिली. इतकी वर्षं मला हा आफ्रिकेचा प्रश्न वाटत होता. आमच्या मुंबई-पुण्यातही बोहरा मुलींचा खतना होतो, हे मला मोठेपणी कळलं. तो थांबवण्याची मागणी करणारं प्रकरण सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवलं, त्या बातमीने शाळेतली बोहरा मैत्रीण आठवली. तिला फोन केला. काय विचारू नये, एवढं मी तुमच्याकडून शिकले होते, म्हणून नुसतं ऐकत राहिले.

परवा एक नवी बाई आली. मी फॉर्म बाजूला ठेवला आणि लहानपणी गुदनीन झालं होतं का, असं विचारलं. माझा उच्चार ऐकून ती आधी तुमच्यासारखीच हसली. मग पाऊण तास बोलत होती. बाहेर रांग खोळंबली, पण मी तिला थांबवलं नाही.

तुमची,
मराठी भाची