फोन मधेच का ठेवला

टोरांटो, 12 जुलै

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,
सा. न.

ऐरोलीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला मी व्हिडिओ कॉल मधेच बंद केला म्हणून तुम्ही दोघं नाराज आहात, हे आईकडून कळलं. आईला तर वाटलं मी रडतेय. रडत नव्हते गं बाई, आवाजच घोगरा झालाय आणि जीभ जड. हे पत्रसुद्धा तीन दिवस थोडं थोडं लिहितेय.

ऑपरेशनमध्ये थायरॉइड पूर्ण काढल्यापासून माझं सगळं गोळीवर चाललं होतं. ती गोळी डॉक्टरांनी मुद्दाम चार आठवडे बंद ठेवलीय. मागे राहिलेल्या थायरॉइडच्या पेशी किरणोत्सारी आयोडीनने मारायच्या आहेत, पण टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, चढल्याशिवाय त्या आयोडीन नीट ओढून घेत नाहीत.

दादा, तुझ्या रबाळ्याच्या कारखानदारीच्या भाषेत सांगते. कारखाना बंद पडलाय, हेड ऑफिसला पत्ता नाही; माल येईना म्हणून ऑर्डरवर ऑर्डर सोडतायत. कारखाना म्हणजे थायरॉइड, हेड ऑफिस म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी, ऑर्डर म्हणजे टीएसएच. गोळीतलं थायरॉइडचं संप्रेरक, टी-4, अंगात निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे पहिला आठवडा मी मजेत होते. उगाच बाऊ करतात, असंही म्हणाले. मग टी-4 आटलं, त्यापासून बनणारं टी-3 आटलं, आणि मीही. टीएसएच एरवी 0.4 ते 4 च्या आसपास असतं, ते 30 च्या वर जायला हवं. तिसऱ्या आठवड्यात 19, परवा 64. नर्सने अभिनंदन केलं! तेव्हा मी भर जुलैत शाल पांघरून बसले होते. तोंड सुजलंय, पोट साफ होत नाही, गाडी चालवायला मनाई आहे. कुणी काही विचारलं की उत्तर डोक्यातून तोंडापर्यंत यायला वेळ लागतो. त्या दिवशी गुरुजी गोत्र विचारत होते आणि मला ते आठवेना. म्हणून फोन ठेवला.

गोळी न थांबवता टीएसएचचं इंजेक्शन घेता येतं, पण ते माझ्या विम्यात बसलं नाही.

त्या पेशी आयोडीनच्या भुकेल्या राहाव्यात म्हणून जेवणात आयोडीनचं मीठ नाही, मासे नाहीत, दूध-अंडी नाहीत. बिनदुधाचा चहा पिताना दिवाळे गावच्या मासळीबाजारातले बोंबील आठवतात. गंमत म्हणजे, तिकडच्या हॉस्पिटलांना हे किरणोत्सारी आयोडीन तुमच्या शेजारच्या वाशीहून, ‘ब्रिट’ या सरकारी संस्थेतून जातं.

गुरुवारी किरणोत्सारी आयोडीनची कॅप्सूल. मग काही दिवस वेगळ्या खोलीत. गोळी परत सुरू झाली तरी अंगात मुरायला सहाएक आठवडे जातील, तेव्हा गणपतीत आरतीला फोन लावा.

वहिनी, हे वाचून तुमची सकाळची थायरॉइडची गोळी बंद करू नका, तुमचं प्रकरण वेगळं आहे. आणि गोळीनंतर निदान अर्धा तास चहा नको. तुम्ही लगेच पिता, मी पाहिलंय.

तुमची,
धाकटी