पेन पिशवीत ठेवणाऱ्या बाईंस

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

गिरणारे-मातोरीच्या बाजूला द्राक्षबागांच्या कडेने जी पालं पडतात, तिथल्या मुलांना संध्याकाळी गोष्टी वाचून दाखवणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र. आमच्या वाचनाने मुलांत काय बदललं ते तपासणारा तुमचा अहवाल आला, वाचून झाला, त्यावर वादावादीही झाली. आभार मानायचे तेवढे राहून गेले. शाल-नारळ तुम्हाला चालत नाही, म्हणून हे जाहीर पत्र. नाव छापायचं नाही ही तुमची ताकीद पाळली आहे.

आधी त्यांच्याविषयी लिहू, ज्यांच्यामुळे तुमची किंमत कळली. तुमच्या आधी एक पथक मूल्यमापन करून गेलं. टॅब होते, एका रंगाचे टी-शर्ट होते, खाऊची पाकिटं होती. आले सकाळी अकराला. त्या वेळी पालावर असतं कोण? धाकटं भावंड कडेवर घेतलेली एखादी मुलगी आणि तापाने पडलेली पोरं. बाकीची आईबापांबरोबर बागेत, नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेत. म्हणजे रोज गोष्टीला बसणारी मुलं नेमकी वगळून तपासणी उरकली. प्रश्नावली कुठल्याशा निर्वासित छावणीसाठी केलेली, तशीच उचलून आणलेली. ‘छावणीत येऊन किती काळ झाला?’ ‘रात्री भीतीची स्वप्नं पडतात का?’ पेठ-सुरगाण्याहून छाटणीला आलेल्या टोळीतलं पोर अशा प्रश्नावर काय बोलणार? शेवटी ‘गोष्टी आवडल्या का?’ यासाठी तीन चेहरे काढलेले: हसरा, मधला, रडका. दुसऱ्या हातात खाऊचं पाकीट. रडक्यावर बोट ठेवायला कोण वेडं आहे! अहवाल गुळगुळीत कागदावर आला, ‘कार्यक्रम अत्यंत यशस्वी’. सुरुवातीला मुलांना काय येत होतं हे कोणी तपासलंच नव्हतं, तरी यश मात्र दशांश चिन्हापर्यंत मोजलेलं.

निर्वासित मुलांबरोबर झालेल्या कामातून आपण काय घ्यायचं आणि काय नाही, हे तुम्ही फार नेमकं सांगितलंत. जॉर्डनमध्ये राना दजानी या रेण्वीय जीवशास्त्राच्या प्राध्यापिकेने २००६ साली अम्मानमधल्या आपल्या वस्तीच्या मशिदीत मुलांना गोष्टी वाचून दाखवायला सुरुवात केली. तीच रीत पुढे सीरियातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत गेली. तिथून घ्यायचं ते एवढंच, की वाचणारी व्यक्ती वस्तीतली हवी, भाषा मुलांच्या घरची हवी, वाचन मोठ्याने आणि नेमाने हवं. युद्धातून आलेल्या मुलांसाठी तयार केलेले प्रश्न हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांना लावायचे नाहीत. आणि छावणीतल्या मुलालासुद्धा, पुढे आधार द्यायची सोय नसेल तर, भीतीच्या आठवणी उकरणारा प्रश्न परक्या माणसाने विचारू नये, हेही तुम्ही जोडलंत.

पहिल्या बैठकीत तुमचा प्रश्न एकच होता: वाचून दाखवल्यामुळे मुलात नेमकं काय बदलायला हवं? ‘मुलं वाचायला लागतील’ हे उत्तर तुम्ही फळ्यावर लिहिलंत आणि लगेच खोडलंत. गोष्ट ऐकून अक्षरओळख आपोआप होत नाही. त्यासाठी अक्षर, काना-मात्रा, जोडाक्षर हे वेगळं शिकवावं लागतं. ऐकण्याने वाढतं ते निराळं: ऐकलेलं समजणं, शब्दसंग्रह, गोष्टीचा धागा धरून ती परत सांगणं, पुस्तक कुठून उघडायचं आणि बोट डावीकडून उजवीकडे न्यायचं ही जाण. २००५ पासून चालत आलेली ‘असर’ या देशभरच्या शिक्षण-पाहणीची वाचन-चाचणी अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी मुलाला स्वतःला काय वाचता येतं ते दाखवते. ती चांगलीच आहे, पण तिने आपल्या गोष्टकट्ट्याचं मोजमाप केलं तर कट्टा नापासच होणार, आणि तेही चुकीच्या विषयात. म्हणून ती तुम्ही फक्त मोठ्या मुलांसाठी, बाजूची नोंद म्हणून ठेवलीत.

मग खरं मोजमाप सुरू झालं. हे इथे सविस्तर लिहितो, कारण वीटभट्टीवर, बांधकामावर, ऊसतोडीच्या फडावर असं वाचन करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना कोणी हे सांगत नाही.

गोष्ट परत सांगण्याची चाचणी. साधारण सव्वाशे शब्दांची, मुलांनी कधी न ऐकलेली गोष्ट एकदाच वाचून दाखवायची, पुस्तक मिटायचं आणि ‘आता तू सांग’ म्हणायचं. गोष्टीचे आधीच आठ तुकडे पाडलेले: कोण, कुठे, अडचण काय, पहिला उपाय, तो का फसला, दुसरा उपाय, शेवट, आणि कोणाला काय वाटलं. तुकड्याला एक गुण. मदत म्हणून फक्त ‘मग?’ म्हणायची मुभा. कोकणा बोलीत सांगितलं तरी पूर्ण गुण, कारण तपासतोय ती समज, प्रमाण मराठी नव्हे. हंगामाच्या शेवटी तीच गोष्ट घेतली तर पाठांतर मोजलं जातं, म्हणून दोन गोष्टी केल्यात. निम्म्या मुलांना आधी पहिली आणि नंतर दुसरी, उरलेल्यांना उलट. दोनांतली एक थोडी सोपी निघाली तरी तिचा सोपेपणा प्रगती म्हणून मिरवत नाही.

शब्दांची चाचणी तर आम्हाला फारच आवडली. वीस शब्द, प्रत्येकाला चार चित्रं, मुलाने बोट ठेवायचं. त्यातले दहा शब्द वाचलेल्या पुस्तकांतले, दहा तेवढेच अवघड पण पुस्तकांत कुठेही न आलेले. पुस्तकांतले वाढले आणि बाहेरचे तिथेच राहिले तर काम पुस्तकांचं. दोन्ही सारखे वाढले तर मूल नुसतं मोठं झालं किंवा शाळेने शिकवलं. चारांतून एक उचलायचं असल्यामुळे डोळे मिटून बोट ठेवलं तरी वीसपैकी सरासरी पाच बरोबर येतात. म्हणून पाच-सहा गुणांचं कौतुक करायचं नाही, हे तुम्ही तपासनिसाच्या कागदावर लाल शाईने लिहिलं होतंत.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते.

पालावर वही-पेन म्हणजे मुकादम. उचल किती दिली, खाडे किती झाले, फिटलं किती, हे त्याच्या वहीत. पेन चाललं की मोठी माणसंसुद्धा बोलायची थांबतात, मग पोरांचं काय. आधीच्या पथकासमोर मुलं मुकी झाली ती यामुळेच. चुकलं की टॅबवर बोट फिरायचं, ते पोर बघायचं, पुढच्या प्रश्नाला मान खाली. अहवालात त्याची नोंद ‘प्रतिसाद नाही’ आणि गुण शून्य.

तुम्ही पहिल्याच संध्याकाळी दोन-तीन मुलांचे डोळे कुठे जातात ते पाहिलंत, पेनाला टोपण लावलंत आणि ते पिशवीत टाकलंत. दुसऱ्या दिवशी येताना दोन कप्प्यांची जुनी चंची घेऊन आलात. डाव्या कप्प्यात दहा चिंचोके, दहा कवड्या. पुस्तकातला शब्द बरोबर आला की चिंचोका उजवीकडे, बाहेरचा बरोबर आला की कवडी उजवीकडे. हात मांडीवर, पदराखाली, डोळे मुलाकडे. मूल उठून गेलं की मोजणी आणि मगच कागदावर आकडा. कोणता शब्द चुकला हे यात कळत नाही. ते नुकसान तुम्ही जाणूनबुजून पत्करलंत. शेवटचा प्रश्न नेहमी असा ठेवलात की तो कोणालाही यावा: ‘यातलं तुला आवडलेलं चित्र दाखव.’ हरल्याच्या तोंडाने एकही मूल तुमच्यासमोरून उठलं नाही.

एवढं कोणी करत नाही, बाई. मोजणाऱ्याला आकडा हवा असतो, तो मिळाला की समोरचं माणूस संपलं. रेशनच्या रांगेत, दवाखान्याच्या खिडकीवर, दाखल्याच्या टेबलाशी हेच चालतं, आणि त्याला ‘पद्धत’ म्हणतात. तुमच्याकडे पद्धत त्यांच्यापेक्षा कडक होती, तरी पोराची लाज राखायला तुम्हाला वेगळा जीआर लागला नाही. सभ्यपणा फार खर्चिक असतो असा एक समज आपल्याकडे उगाच पसरला आहे. तुमचा खर्च चिंचोक्यांचा.

बाकीच्या गोष्टीही लहान, पण त्यांच्यावाचून हिशेब कोलमडला असता. वाचून दाखवणाऱ्याने आपल्याच मुलांना तपासायचं नाही, शेजारच्या पालावरची तपासायची, कारण आपल्या मुलाला ओठांच्या हालचालीनेही उत्तर पुरवलं जातं. सुरुवातीला दोघांनी शेजारी बसून एकाच मुलाला, एकमेकांना न दाखवता, गुण द्यायचे आणि आठांपैकी एकाहून जास्त फरक पडला तर तिथल्या तिथे नियम पक्का करायचा. वय विचारून उपयोग नाही, म्हणून पुढचे दुधाचे दात पडलेत का आणि डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता येतो का, यावर दोन गट. कान वाहणाऱ्या मुलाची वेगळी खूण, कारण पाठीमागून हळू मारलेली हाक ज्याला ऐकू येत नाही त्याचा शून्य हा गोष्टीचा शून्य नव्हे. आणि तपासणी संध्याकाळी, मजूर परतल्यावर, चूल पेटायच्या आत. चूल पेटली की मोठ्या मुली उठतात.

तुलनेसाठी काही मुलांना पुस्तकं द्यायचीच नाहीत, हे आमच्यातल्या कोणाला पटेना. तुम्ही मुकादमांसमोर चिठ्ठ्या टाकल्यात. निम्म्या पालांवर वाचन दिवाळीनंतर लगेच, उरलेल्या पालांवर संक्रांतीनंतर, दुसरी तपासणी झाली की. वंचित कोणी नाही, फक्त पाळी पुढे-मागे. दुसरी तपासणी संक्रांतीलाच का, तर होळीला ही माणसं गावी जातात म्हणजे जातातच. मार्चची तारीख धरणारा माणूस रिकाम्या पालांची तपासणी करतो.

त्याआधीही टोळ्या हलतात. एका बागेतलं काम संपलं की मुकादम दुसरीकडे नेतो. गळालेल्या मुलांना यादीतून नुसतं खोडायचं नाही, त्यांचे सुरुवातीचे गुण राहिलेल्यांच्या शेजारी मांडायचे, हा तुमचा हट्ट. कच्ची मुलं निघून गेली आणि पक्की राहिली तर कोणी काही न शिकताही सरासरी वर चढते. मूल पुन्हा सापडावं म्हणून घरचं नाव, शाळेतलं नाव, आईचं नाव, पाडा आणि मुकादम असे पाच रकाने. घरी एका नावाचं पोर शाळेच्या पटावर दुसऱ्याच नावाने असतं, आणि एका पालावर त्याच नावाची तिघं निघतात.

अहवालाच्या पहिल्याच पानावर तुम्ही लिहिलंत: गोष्ट परत सांगण्यात आणि पुस्तकांतल्या शब्दांत फरक दिसतो, बाहेरच्या शब्दांत दिसत नाही, अक्षरवाचनात लवकर आणि उशिरा वाचन सुरू झालेल्या पालांत फरक नाही. हे शेवटचं वाक्य मागच्या पानावर न्यावं असं देणगीदारांकडून सुचवलं गेलं. तुम्ही ते जागचं हलवलं नाहीत. त्यावर थोडी कुरकुर झाली, पण आम्हाला त्या वाक्याचाच जास्त उपयोग झाला. आता मोठ्या मुलांसाठी गोष्टीनंतर पंधरा मिनिटं अक्षरांचं वेगळं काम ठेवलं आहे आणि त्याचं श्रेय गोष्टीला द्यायचं नाही असं ठरलं आहे.

वाचनाच्या निरीक्षणाबद्दलही सांगायला हवं. १९८८ साली ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखवलं होतं की वाचणाऱ्याने मध्ये थांबून मुलाला बोलतं केलं आणि त्याचं वाक्य थोडं वाढवून परत त्याच्याकडे दिलं, तर मुलाचं बोलणं लवकर वाढतं. त्यावरून तुम्ही पंधरा मिनिटांचा नोंद-कागद केलात: हो-नाहीत संपणारे प्रश्न किती, ‘का’ आणि ‘पुढे काय’चे किती, मुलं आपणहून किती वेळा बोलली, आणि वेगवेगळी किती बोलली. शेवटची खूण सगळ्यांत बोचरी, कारण चार धीट मुलं बोलली की कट्टा रंगल्यासारखा वाटतो आणि कडेला बसलेली दहा कोणाच्या लक्षात येत नाहीत. तेच पुस्तक तीनदा वाचायचं हेही ठरलं: पहिल्यांदा न थांबता, दुसऱ्यांदा थांबत, तिसऱ्यांदा पानं मुलांनी उलटायची आणि सांगायचंही त्यांनीच. तिसऱ्या वाचनाला कडेची पोरं पुढे सरकतात.

द्राक्षं धरण्यासाठी होते त्या गोडी छाटणीला टोळ्या पुन्हा येतील. तुमचे दोन्ही कागद, आठ तुकड्यांचा गुणतक्ता आणि पंधरा मिनिटांची नोंद, आम्ही मोठ्या अक्षरांत छापून घेतले आहेत. दिंडोरी रस्त्याच्या वीटभट्ट्यांवर वाचणाऱ्या मुलींनी प्रती नेल्या. त्यांना चंची मिळाली नाही, म्हणून त्यांनी बटव्याला मधून शिवण घातली आहे. शब्दांचे नवे संच मात्र लागतील, जुने मुलांना पाठ झाले. तेवढे सवडीने करून द्यावेत, ही आभाराच्या पत्रात मागणी.

आपले,
गोष्टकट्ट्यावरचे सगळे वाचक
गिरणारे रस्ता, नाशिक