पोरांचा प्रश्न रोडवरच राहिला

मा. संपादक, नमस्कार.

मी सातारा तालुक्यातला रिटायर्ड हवालदार, मराठा लाइट इन्फंट्रीत 17 वर्षं काढली. आता पहाटे साडेचारला गावाबाहेरच्या रोडवर भरतीच्या पोरांना पळवतो. 1600 मीटर साडेपाच मिनिटात मारलं तर पूर्ण 60 मार्क. परवा एक पोरगं 5 मिनिटं 42 सेकंदाला आलं आणि मैलाच्या दगडावर बसून रडायलाच लागलं, बूट फाटलेले, अंगठ्यातनं रक्त. समजूत घालायला गेलो तर म्हणतंय, सर, लागलो तरी चारच वर्षं ना. मला काय बोलावं सुचेना.

अग्निवीर म्हणजे चार वर्षांसाठी भरती केलेले जवान, आर्मीतली त्यांची पहिली बॅच जानेवारी 2023 ला ट्रेनिंगला बसली, म्हणजे 2027 उजाडताना शंभरातली जास्तीत जास्त 25 कायम होणार, बाकीची पावणेबारा लाखाच्या आसपास घेऊन घरी, पेन्शन नाही. हे आमच्या जिल्ह्याला किती लागतं ते अपशिंगे मिलिटरीत जाऊन बघा, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले आणि आज पण घरोघरी फौजी आहेत.

मे 2025 ला ऑपरेशन सिंदूर झालं तेव्हा प्रत्येकाच्या स्टेटसला तिरंगा, मलाही अभिमान वाटला, का नाही वाटणार. पण सप्टेंबरमध्ये मिग-21 ही जुनी लढाऊ विमानं रिटायर झाली, एअरफोर्सला लढाऊ विमानांच्या 42 स्क्वाड्रन म्हणजे तुकड्या पाहिजेत तिथं 29 उरल्या, त्यावर पारावर कोणी चकार शब्द काढला नाही. वडील सांगायचे, 1962 ला चीनचं झालं आणि आपल्या कराडचे यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा चावडीत रेडिओभोवती बसून माणसं जवानांना थंडीचे कपडे का नव्हते यावर भांडायची. आता असं काय विचारलं की लगेच, तू कुठल्या पार्टीचा? आणि पोरांनी तर नादच सोडलाय, मत टाकून काय होतंय सर, सगळे एकाच माळेचे मणी म्हणतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण देशासाठी रक्त काढणारी पोरंच असं बोलायला लागलीत.

गेल्या इलेक्शनला एक उमेदवार आमच्याकडं आला, बूट वाटले, फोटो काढले. एका पोरानं चार वर्षांनंतरचं विचारलं तर भारत माता की जय म्हणायला लावून गाडीत बसला. जयजयकार आम्हीही मनापासून केला, पण प्रश्न तिथंच रोडवर राहिला.

पुढच्या सभेला मी या पोरांना घेऊन पहिल्या रांगेत बसणार आहे. तुमच्या पेपरनं पण सगळ्या उमेदवारांना हे लेखी विचारावं आणि उत्तरं नावानिशी छापावीत, ही विनंती.

एक माजी सैनिक, ता. जि. सातारा