कादंबरीतलं गाव शोधायला जाणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आवडत्या कादंबरीचं गाव पाहून आलेल्यांचे लेख पुरवण्यांमधून अधूनमधून येतात. मी ते आवर्जून वाचते. मात्र त्यांतल्या बऱ्याच लेखांचा शेवट 'पुस्तकात वाचलं तसं तिथे काहीच नव्हतं' असा हिरमुसलेला असतो. मला तर नेमकं तेच पाहण्यासारखं वाटतं.

इंग्लंडमध्ये हॉवर्थ गावाबाहेरच्या माळावर टॉप विदेन्स नावाचं शेतघर पडक्या अवस्थेत उभं आहे. एमिली ब्राँटेच्या 'वुदरिंग हाइट्स'मधलं (१८४७) घर ते हेच, असं मानून लोक तिथवर चालत जातात. तिथे ब्राँटे सोसायटीने १९६४ साली पाटी लावली आहे. ही इमारत धडधाकट होती तेव्हाही कादंबरीतल्या घराशी तिचं काही साम्य नव्हतं. माळावरची ही जागा मात्र लेखिकेच्या मनात असू शकेल, असं ती पाटी सांगते. शेवटी, अनेकांनी चौकशी केल्यामुळे पाटी लावल्याचंही नमूद केलं आहे. इतका सच्चेपणा पर्यटनस्थळी क्वचितच दिसतो. कादंबरीतल्या घराच्या खिडक्या अरुंद, भिंतीत खोल बसवलेल्या आहेत आणि वाऱ्याच्या माऱ्याने जवळची काटेरी झाडं एकाच बाजूला कलली आहेत. तशा खिडक्या टॉप विदेन्सला शोधून उपयोग नाही. तो उघडा माळ आणि त्यावरचा वारा अंगावर घ्यावा, मग पहिलं प्रकरण पुन्हा वाचावं.

फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्तने तर आपल्या कादंबरीतलं गावच हलवलं. त्याचं कोंब्रे हे फ्रान्समधल्या चार्त्रजवळच्या इलिएवरून सुचलेलं. लहानपणी सुट्टीत तो तिथे नातलगांकडे राहत असे. पण पहिल्या महायुद्धानंतर त्याने कोंब्रेची जागा बदलून ते पूर्वेला, युद्धाच्या आघाडीवर नेऊन ठेवलं, कारण आता त्याला कथेत युद्ध आणायचं होतं. आणि १९७१ साली, त्याच्या जन्मशताब्दीला, खऱ्या गावाने कादंबरीतलं नाव जोडून घेतलं: इलिए-कोंब्रे. कोलंबियातल्या आराकाताकामध्ये, कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या जन्मगावी, २००६ साली नावाला त्याच्या कादंबरीतल्या गावाचं, 'माकोंदो' हे नाव जोडण्यासाठी मतदान घेतलं गेलं. पुरेसे लोक मतदानाला आलेच नाहीत आणि तो बेत बारगळला. मला त्या गावकऱ्यांचं वागणं योग्य वाटतं. तिथे माणसं राहतात, त्यांचं गाव कादंबरीच्या आधीपासून आहे.

म्हणून एक विनंती. असे लेख छापताना सोबत कादंबरीतला त्या जागेचा छोटा उतारा द्यावा आणि लेखकाने काय जसंच्या तसं ठेवलं, काय बदललं, हे लिहिणाऱ्याला आवर्जून विचारावं. फोटो एखादा कमी छापला तरी चालेल.

कळावे,
आपली एक वाचक