टॉवेल धुणाऱ्या लेकीला

चि. सोनू,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर फारच चिडली होतीस. "मास्टर्स करायला सातासमुद्रापार आले आणि टीमचे टॉवेल धुतेय." बाबांना हसू आलं, मला नाही आलं. नंतर मला सारखी पॅट समिट आठवत राहिली, अमेरिकेतली महिला बास्केटबॉलची कोच. बास्केटबॉलच्या ऑफिसात काम करणाऱ्या मुलीला तिचं नाव मी काय सांगणार! टेनेसी विद्यापीठात 38 मोसम, 1098 विजय, आठ एनसीएए (म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेची) विजेतेपदं, हे तुला पाठच असेल. मला त्याच्या आधीचं बोलायचंय.

1974 साली ती तिथे आली ती तुझ्यासारखीच, ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून, म्हणजे मास्टर्स करता करता संघाला मदत करणारी. मुख्य कोच बाई रजेवर गेल्या आणि 22 व्या वर्षी अख्खा संघ हिच्या गळ्यात पडला. पगार महिना 250 डॉलर. त्यात स्वतःचं मास्टर्स, शारीरिक शिक्षणाचे तास घेणं, आणि दुखावलेला गुडघा बरा करून ऑलिंपिकची तयारी. जर्सी तीच धुवायची, व्हॅन तीच चालवायची. त्या जर्सीसुद्धा डोनट विकून आलेल्या पैशांतून घेतलेल्या. हॉटेल परवडत नाही म्हणून एकदा मॅचच्या आदल्या रात्री समोरच्या संघाच्या जिममध्येच मॅटवर झोपल्या सगळ्या. आणि पहिलीच मॅच मर्सरकडून 84-83 अशी एका गुणाने हरल्या.

तेव्हा आता गुपचूप टॉवेल धू, असं मी म्हणेन असं तुला वाटत असेल. नाही म्हणणार. ती धूत होती कारण दुसरं कुणी नव्हतंच. शिक्षणात मुलामुलींत भेदभाव करायचा नाही हा टायटल नाइन कायदा 1972 चा, पण तो कागदावरून मैदानात उतरायला वर्षं लागली. तुमच्याकडे माणसं आहेत, मशीन आहे, तरी ते काम तुझ्याकडे सरकवलं जातंय. त्यात फरक आहे. तो सरळ विचार. पॅट विचारायची.

टेनेसीच्या शाळांत तेव्हा मुली सहा-सहाचा खेळ खेळत. तिघी फक्त बचाव करणार, तिघी फक्त बास्केट मारणार, मधली रेषा कुणी ओलांडायची नाही. पोरींना पूर्ण कोर्ट झेपत नाही म्हणे! पॅट उघडपणे त्याच्या विरोधात उभी राहिली. अर्ध्या कोर्टावर वाढलेली मुलगी माझ्या काय उपयोगाची, हा तिचा रोखठोक मुद्दा. 1979 च्या सुमारास तो खेळ बदलला. पुढे त्याच विद्यापीठाने पुरुषांच्या संघासाठी विचारलं, तर ही नाही म्हणाली. ती बढती आहे हेच तिला मान्य नव्हतं. मला तिची ही गोष्ट सगळ्या विजेतेपदांहून जास्त आवडते. 2006 मध्ये तिचा वार्षिक करार दहा लाख डॉलरच्या वर गेला, महिला संघाच्याच कोच म्हणून.

सगळंच आवडतं असं नाही हं. मुली नीट खेळल्या नाहीत म्हणून त्यांना त्यांच्याच लॉकर रूममधून बाहेर काढणं, उलट्या होईपर्यंत पळवणं, असले किस्से लोक कौतुकाने सांगतात. मला नाही कौतुक वाटत. कनेटिकट विद्यापीठाच्या संघाबरोबरची इतकी रंगलेली दरवर्षीची लढत तिने 2007 मध्ये बंद केली, कारणही धड सांगितलं नाही. प्रेक्षकांचं नुकसान केलं, असं माझं स्पष्ट मत. तिच्या बापाचा धाक मुलीत उतरला असावा. शेतकरी माणूस. मुलीला शाळेत बास्केटबॉल खेळता यावं म्हणून त्याने घर हेन्रिएटाला हलवलं, पण तिला पहिल्यांदा मिठी मारली ती ती 43 वर्षांची झाल्यावर, असं तिनेच सांगितलंय. (बाबांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मी तर विमानतळावर मारली होती.")

पण त्या कडकपणाची दुसरी बाजूही बघ. तिच्या मुलींनी वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं. तास बुडवला तर मॅच विसरायची. जिने तिच्याकडे खेळण्याची वर्षं पूर्ण केली, ती प्रत्येक मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली. तिची खेळाडू तमिका कॅचिंग्ज, तिला लहानपणापासून कमी ऐकू यायचं, शाळेत चिडवतात म्हणून तिने श्रवणयंत्र टाकून दिलं होतं. ते पुन्हा लावायला पॅटने तिला तयार केलं. पुढे तिच्या गळ्यात चार ऑलिंपिक सुवर्णपदकं आली. पॅटकडे स्वतःचं ऑलिंपिक पदक होतं 1976 चं, खेळाडू म्हणून रौप्य. सुवर्ण आलं 1984 मध्ये, कोच म्हणून.

2011 च्या ऑगस्टमध्ये, 59 व्या वर्षी, तिने अल्झायमर झाल्याचं स्वतःच जाहीर केलं. लपवता आलं असतं. वर एक मोसम कोच म्हणून बेंचवर बसलीसुद्धा. खेळ चालवायचं बरंचसं काम तेव्हा हॉली वॉर्लिककडे होतं. ही हॉली म्हणजे तिचीच जुनी खेळाडू. पॅटच्या अल्झायमरसाठीच्या फाउंडेशनला 10,000 डॉलर द्यायला पुढे कोण आला, तर कनेटिकटचा कोच जीनो ऑरिएम्मा, ज्याच्या संघाशी तिने खेळणं बंद केलं होतं. 2016 च्या जूनमध्ये पॅट गेली, 64 व्या वर्षी.

तर सोमवारी तुझ्या हेड कोचना भेट. टॉवेल टाळायला जाऊ नकोस, काम मागायला जा. व्हिडिओ कापायचं, समोरच्या संघाचा अभ्यास करायचं, जे तुला जमतं ते नाव घेऊन माग. आणि तुझा पेपर गुरुवारी आहे ना? मग बुधवारचा सराव संपल्यावर जिममध्ये रेंगाळू नकोस. मेथीचे लाडू पोस्टाने पाठवलेत, कस्टमवाल्यांनी सोडले तर पुढच्या आठवड्यात मिळतील.

तुझी,
आई