कॅरॅव्हॅनच्या पुढच्या टेकूला ‘कोणताही जॅक’ चालत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर, घेऊ पाहणाऱ्यांसाठी आलेला लेख वाचला. पाण्याची टाकी, सौर पॅनेल, झोपण्याची सोय यांबद्दल त्यात चांगली माहिती होती. पुढच्या जॉकी व्हीलबद्दल, म्हणजे गाडीपासून सोडवल्यावर कॅरॅव्हॅनचे पुढचे टोक ज्याच्यावर टेकते त्या वरखाली होणाऱ्या छोट्या चाकाबद्दल, मात्र एकच वाक्य होते. ते त्रास देऊ लागले तर काढून टाका आणि कोणताही दोन टनी जॅक घ्या, काम भागते, असे लेखकाने सांगितले आहे. हे वाचून अनेक जण तसेच करतील आणि कोणाचा तरी पाय किंवा हात त्याखाली सापडेल. माझी सगळी नोकरी वर्कशॉपमध्ये फिटरचे काम शिकवण्यात गेली. आता आम्ही दोघे कॅरॅव्हॅन घेऊन फिरतो. यजमानांचा उजवा खांदा अधू आहे, त्यामुळे कॅरॅव्हॅन गाडीला जोडणे, सोडवणे आणि जागेवर लावणे हे माझेच काम. म्हणून याविषयी हक्काने लिहिते आहे. पुरवणीच्या पुढच्या अंकात त्या वाक्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आधी त्या ‘दोन टनी’बद्दल. गाडीपासून सोडवलेल्या कॅरॅव्हॅनचे बहुतेक वजन तिच्या स्वतःच्या चाकांवर असते. पुढच्या टोकावर येतो तो एकूण वजनाचा छोटा हिस्सा. युरोपीय पद्धतीच्या कॅरॅव्हॅनला हा हिस्सा साधारण 5 ते 7 टक्के ठेवतात, अमेरिकेत 10 ते 15 टक्के. भरलेली कॅरॅव्हॅन 1200 किलोची धरली तर 7 टक्क्यांनी पुढे 84 किलो येतात. 84 किलो पेलायला दोन टनी जॅक कशाला हवा? म्हणजे अडचण जॅकच्या ताकदीची नाहीच. तो कोणत्या जमिनीवर उभा राहणार, त्याला आडवा धक्का किती बसणार आणि तो रात्रभर त्याच उंचीवर राहणार का, हे पाहायचे असते. जॅकवर छापलेला टनांचा आकडा यातले काहीच सांगत नाही.

जॉकी व्हील एकाच वेळी तीन कामे करते: टोक उचलते, उचललेले टोक धरून ठेवते आणि तेवढा भार घेऊन जमिनीवरून सरकते. पर्याय शोधताना यातली कोणती कामे आपल्याला खरोखर लागतात, हे आधी ठरवावे. ज्यांची जागा प्रशस्त आहे आणि जे गाडीच्या मागच्या कॅमेऱ्यात पाहून टो बॉल (गाडीच्या मागचा जोडणीचा गोळा) हिचच्या (त्या गोळ्यावर बसणाऱ्या कॅरॅव्हॅनच्या जोडणीच्या) बरोबर खाली आणू शकतात, त्यांना सरकवण्याची गरज फारशी पडत नाही. त्यांच्यासाठी ए-फ्रेमला (कॅरॅव्हॅनच्या पुढच्या तिकोनी सांगाड्याला) बोल्टने बसवलेला, खाली सपाट पाय असलेला स्क्रूचा जॅक मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. गाडी पुढेमागे घ्यायलाच जागा नाही आणि कॅरॅव्हॅन हाताने वळवून कोपऱ्यात घालावी लागते, त्यांना चाक सोडून चालणार नाही. त्यांनी चाक चांगले कसे मिळेल हे पाहावे.

सपाट पायाची बाजू मी का घेते, ते आकड्यांत सांगते. जॉकी व्हीलचे छोटे घट्ट रबरी चाक जमिनीला टेकते ते जेमतेम 20 चौरस सेंटिमीटर जागेवर असे समजा. 84 किलोचा भार तिथे दर चौरस सेंटिमीटरला चार किलोहून जास्त पडतो. पावसाने भिजलेली माती तो सोसत नाही आणि सकाळी चाक निम्मे आत गेलेले दिसते. तोच भार 20 बाय 20 सेंटिमीटरच्या पायावर घेतला तर जागा होते 400 चौरस सेंटिमीटर, आणि दाब येतो दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोच्याही खाली. जुने जॉकी व्हील ठेवणाऱ्यांनाही हा फायदा एका फळीच्या तुकड्याने मिळतो. फळी चांगली जाड घ्यावी. पातळ प्लायवूड चाकाखाली वाकते आणि भार पुन्हा मधल्या एवढ्याशा जागेवर येतो.

आता लोक पर्याय म्हणून जे जॅक उचलून आणतात त्यांच्याकडे वळते. गाडीच्या डिकीतला सिझर जॅक टायर बदलण्यापुरता बनवलेला असतो. त्याचा माथा अरुंद, बैठक अरुंद आणि सांधे पिनांवर झुलणारे. बाजूने धक्का बसला की तो कलंडतो. बॉटल जॅकमध्ये वेगळी गोष्ट आहे. त्यात भार तेलावर असतो आणि ते तेल एक झडप आणि थोडी रबरी सीलं अडवून धरतात. सील जराही झिजले की टोक हळूहळू खाली येत राहते. आणि झडप जरा जास्त फिरली तर ते हळूहळू येत नाही, धाडकन येते. उचलण्यापुरता बॉटल जॅक जरूर वापरावा, पण उचलून झाल्यावर भार स्टँडवर किंवा ठोकळ्यांच्या भक्कम थरावर उतरवावा. तेलावर उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये माणसे झोपलेली मला पाहवत नाहीत.

स्क्रूचे तसे नाही. जॅकच्या आट्यांचा चढ इतका कमी ठेवलेला असतो की वरून कितीही भार आला तरी घर्षण त्याला उलटा फिरू देत नाही. हँडल सोडून दिले तरी उंची तीच राहते. हे वर्कशॉपमध्ये मी मुलांना हाताने करून दाखवत असे: बाकावर उभा स्क्रू जॅक, वर वजन, आणि वरून कितीही दाबले तरी न हलणारा दांडा. जॉकी व्हीलच्या नळीत हाच स्क्रू असतो. म्हणून ते ‘जुनाट’ म्हणून काढून टाकणाऱ्यांनी त्याच्या जागी काय येते आहे, ते दोनदा पाहावे.

ट्रॉली जॅकबद्दल, म्हणजे गॅरेजमधल्या चाकांवरच्या जॅकबद्दल, एक तपशील बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्याचा हात वर जाताना सरळ जात नाही, कमानीत जातो. त्यामुळे उचलत असताना जॅकला स्वतःच्या चाकांवर थोडे पुढे सरकावेच लागते. गुळगुळीत फरशीवर तो सरकतो. मातीत किंवा खडीत त्याची बोटाएवढी चाके रुततात, जॅक अडतो आणि माथा ड्रॉबारवरून (कॅरॅव्हॅनच्या पुढच्या ओढदांड्यावरून) घसरू लागतो. गॅरेजमध्ये उत्तम असलेली वस्तू मैदानात धोक्याची ठरते ती अशी.

चाक हवेच असेल तर मोठे घ्यावे, हे बरोबर आहे. त्याचे कारण मात्र दुकानदार क्वचितच सांगतात. 20 सेंटिमीटर व्यासाच्या चाकापुढे 3 सेंटिमीटर उंचीचा दगड आला तर त्यावर चढायला चाकावर जेवढा भार आहे जवळजवळ तेवढाच आडवा जोर लागतो. आपल्या उदाहरणात 84 किलोंच्या आसपास. व्यास 25 सेंटिमीटर केला तर तोच जोर सुमारे 72 किलोंवर येतो. हवेचे चाक आणखी सोपे जाते, कारण दगड त्यात थोडा दबून बसतो. फक्त त्यातली हवा गाडीच्या टायरबरोबर दर वेळी तपासावी लागते. मोठे चाक घेताना ते पूर्ण वर घेतल्यावर फ्रेमला किंवा गॅसच्या पेटीच्या तळाला घासत नाही ना, ते मोजून घ्यावे. नळीचा व्यासही पाहावा. ती नळी फ्रेमला धरून ठेवणारे युरोपीय क्लॅम्प बहुधा 48 मिलिमीटरचे असतात, पण लहान ट्रेलरना 34 आणि जड गाड्यांना 60 मिलिमीटरचेही मिळतात. मधे पत्र्याची पट्टी गुंडाळून बारीक नळी मोठ्या क्लॅम्पमध्ये बसवण्याचा उद्योग कोणी करू नये.

हा आडवा जोर जातो कुठे? नळी वाकवण्यात. जॉकी व्हील बाहेर जितके लांब काढलेले, तितका क्लॅम्पपाशी वाकवणारा ताण मोठा. 84 किलोंचा आडवा धक्का क्लॅम्पच्या 40 सेंटिमीटर खाली बसला तर ताण 15 सेंटिमीटरवर बसलेल्या धक्क्याच्या अडीचपटीहून जास्त होतो. आमच्या शेजारी लावलेल्या एका कॅरॅव्हॅनची नळी अशीच वाकलेली मी जवळून पाहिली आहे. आतला दांडा जवळपास टोकापर्यंत बाहेर काढून दोघांनी ती खड्ड्यातून रेटली होती. बाहेरच्या नळीच्या ओठाशी दांड्यावर चंद्रकोरीसारखा ठसा उमटला होता आणि हँडल अर्ध्या फेऱ्यावर अडत होते. म्हणून सरकवताना क्लॅम्प सैल करून पूर्ण नळीच खाली घ्यावी, पुन्हा आवळावी आणि आतला दांडा कमीत कमी बाहेर ठेवावा. उत्पादक उभ्या स्थितीतला भार ठळक छापतात आणि सरकवतानाचा भार लहान अक्षरांत, किंवा छापतच नाहीत. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी असतो आणि ग्राहकाला तोच लागतो. तो विचारल्याशिवाय वस्तू घेऊ नये.

कॅरॅव्हॅन मोटरने हलवणारा मोटर मूव्हर आणि विजेवर चालणारे जॉकी व्हील यांच्याबद्दलही विचारणा होते. मूव्हर कॅरॅव्हॅनच्या मोठ्या चाकांना रोलर टेकवून फिरवतो, त्यामुळे पकड चांगली मिळते. माझ्यासारख्या एकटीने काम करणाऱ्यांना तो वरदानच आहे, कारण 1200 किलोची कॅरॅव्हॅन वीसाला एक अशा सौम्य चढावर ढकलायलाही चढापुरताच 60 किलोंचा जोर लागतो. मात्र मूव्हर लावला तरी पुढचे टोक जॉकी व्हीलवरच राहते. माणसाला चाक अडल्याचे हाताला कळते, मोटरला कळत नाही. ती ढकलत राहते. मूव्हर लावणाऱ्यांनी म्हणून जॉकी व्हील अधिकच दणकट घ्यावे. पुढच्याच चाकाला मोटर असलेल्या साधनाची मर्यादा वेगळी आहे. त्याच्यावर भारच 84 किलो, आणि ओल्या गवतावर पकड भाराच्या एक तृतीयांश धरली तरी ते 28 किलोंहून जास्त जोर लावू शकत नाही. मोटर कितीही मोठी असो, चाक जागच्या जागी फिरत राहणार. कॅरॅव्हॅन सपाट काँक्रीटवर ठेवायची असेल तरच त्याचा विचार करावा.

कोपऱ्यांतल्या चार पायांना काही जण जॅक समजतात आणि त्यांच्यावर कॅरॅव्हॅन उचलतात. ते पाय डुलणे थांबवण्यासाठी आहेत. उचलल्याने चासीचे टोक वाकते आणि पुढे दरवाजा नीट लागेनासा होतो. उंची पुढच्या टेकूने जुळवायची, मग हे पाय जमिनीला टेकेपर्यंत खाली घ्यायचे. पण ते खाली घेतल्याशिवाय आत पाऊलही ठेवू नये: मागच्या बाजूला दोन माणसे गेली की पुढचे 84 किलो बघता बघता शून्य होतात आणि टोक हवेत उचलले जाते.

आणि काहीही निवडले तरी हिच सोडवण्याआधी चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. मागे घेताना आपोआप सुटणारे ब्रेक ज्या कॅरॅव्हॅनना आहेत, त्या हँडब्रेक ओढलेला असतानाही उतारावर थोड्या मागे सरकतात आणि मगच ब्रेक पकडतो. तेवढ्या सरकण्यात सपाट पायाचा जॅक तिरका होतो. चाक निदान सोबत फिरते, पाय फिरत नाही. सपाट पायाच्या जॅकची मी इतकी बाजू घेतली असल्यामुळे त्याची ही उणीवही सांगणे भाग आहे.

जुनी कॅरॅव्हॅन घेणाऱ्यांनी जॉकी व्हील भाराखाली वरखाली फिरवून पाहावे, रिकामे फिरवून काही कळत नाही. हँडल कुठे जड, कुठे हलके लागते ते हाताला समजते. मग चाक पूर्ण वर घ्यावे. नळीच्या खालच्या कडेला खाच असते, तिच्यात चाकाचा फोर्क घट्ट बसला पाहिजे. तो बसला नाही तर रस्त्यावरच्या हादऱ्यांनी चाक गोल फिरत राहते, आटे सुटत जातात आणि चालत्या गाडीत चाक डांबरापर्यंत उतरते. खाच झिजून गोल झाली असेल तर संपूर्ण जॉकी व्हील बदलावे आणि क्लॅम्पचा बोल्टही त्याच वेळी नवा घालावा.

आपली,
एक निवृत्त फिटर-शिक्षिका