विसार अजून देऊ नका

वडोदरा,
14 जून 2025

ती. बाबांस आणि ती. आईस साष्टांग नमस्कार.

फोनवर बोटीचा विषय काढला की बाबा, तुम्ही दोनदा "बरं बरं" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. इंजिनाशेजारी चाळीस वर्षं बसून तुमचा डावा कान गेलाय हे मला माहीत आहे, पण हा विषय निघाला की उजवाही जातो असं दिसतंय. म्हणून कागद घेतला. वहिनीला सांगा, सावकाश वाच आणि मध्ये त्यांना उठू देऊ नकोस.

दादाने पाठवलेला त्या जुन्या फायबर बोटीचा फोटो बघितला. निळी-पांढरी, चकचकीत, पुढे नाळेवर झेंडा. पावणेतीन लाख म्हणजे महागही नाही. पण बाबा, तो चकचकीतपणा दोन दिवसांत आणता येतो. मी इथे मकरपुऱ्याला रोज तेच बघते. आमच्या कारखान्यात ॲसिडच्या टाक्या बनतात, बोटी नाहीत, पण माल तोच: काचेच्या तंतूंची मॅट, रेझिन आणि ते कडक करणारा हार्डनर. आई, तू इथे आली होतीस तेव्हा माझ्या ओढणीला कसला वास येतो म्हणून सारखी विचारायचीस ना, तोच तो रेझिनचा वास. परत आलेली जुनी टाकी घासून वरून नवा थर मारला की मलासुद्धा लांबून ओळखता येत नाही. म्हणून रविवारी द्यायचा तो वीस हजारांचा विसार अजून देऊ नका.

फायबरला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. लाकडी आता टिकत नाही हे मलाही दिसतं. मे महिन्यात आले होते तेव्हा तळाच्या एका फळीत बोट दाबलं तर भुसा हाताला आला. सुतारमामा गेल्यापासून सांध्यात नीट कापूस ठोकणारा माणूस मिळत नाही. आणि काजूच्या सालीचं तेल लावून तुमच्या हातांची कातडी कशी सोलून निघते ते मी लहानपणापासून बघतेय. दरवर्षी मासेमारीबंदीचे दोन महिने, 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत, तुम्ही विश्रांती कधी घेतलीच नाहीत. होडीची डागडुजीच केलीत.

तर गेल्या काही महिन्यांत जिथे जिथे संधी मिळाली तिथे मी फायबरवाल्यांना गाठून विचारलं. आमच्या लॅबमधल्या एका मुलाचं घर उंबरगावला आहे, ते लोक मांगेला, मासेमारीवालेच. त्याच्या काकांची तीस फुटी फायबर, दोन सिलिंडरची, सात वर्षं झाली. त्यांची बोली कानावर पडली आणि मला घरी आल्यासारखं झालं. काका बोटीवर खूश आहेत. कापूस नाही, तेल नाही, किडा लाकूड पोखरत नाही, वर ओढायला माणसं कमी लागतात. डिझेल म्हणे पूर्वी वीस लिटर जायचं तिथे चौदा-पंधरात भागतं. (यातलं थोडं श्रेय नव्या इंजिनाला द्यायला हवं. काकांनी बोट आणि इंजिन एकदमच बदललं होतं, त्यामुळे कोणामुळे किती वाचलं ते त्यांनाही सांगता येईना.)

मग मी विचारलं, वाईट काय? तेव्हा काकांनी आधी काकूंकडे बघितलं. "हलकी आहे म्हणून पळते, आणि हलकी आहे म्हणून नाचते," म्हणाले. लाकडी बोट लाटेवर जड म्हशीसारखी सावकाश डुलते. ही झटका देऊन परत येते. एका कडेला जाळं ओढायला चौघं उभे राहिले की लगेच कलते. पहिल्या वर्षी त्यांच्या एका जुन्या खलाशाला, जन्म दर्यात गेलेल्या माणसाला, उलट्या झाल्या. शेवटी तळात वाळूच्या गोण्या टाकल्या तेव्हा कुठे ती शहाणी झाली. दुसरं, एप्रिलमध्ये तिच्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. तिसरं, निसरडी. माशांचं पाणी सांडलं की काचेवर चालल्यासारखं. त्यांनी रंगात बारीक वाळू मिसळून मारलीय, ते मात्र झकास जमलंय. आणि इंजिनाचा आवाज लाकूड गिळतं, फायबर ढोलासारखा घुमवतं. बाबा, तुमचा उजवा कान.

दुसरा नाखवा वेरावळचा. तिथल्या एका मासळीच्या कारखान्यात आमच्या टाक्या गेल्या होत्या, त्या तपासायला मला पाठवलं होतं. काम संपल्यावर बंदरात गेले. तिकडे लहान होड्यांना पिलाणा म्हणतात, त्यांत फायबरच्या बऱ्याच आहेत. ह्याची त्याहून मोठी, आपल्या मापाची. गप्पा मारताना त्याच्या किल्लीला अडकवलेली एक चकती दिसली, जुन्या आठ आण्याहून थोडी मोठी. इंजिनाला पाणी घ्यायला तळात भोक पाडलं तेव्हा निघालेला तुकडा, त्याने आठवण म्हणून ठेवलेला. मी हातात घेतली आणि कड बघितली. कडेला मधोमध एक पांढरट रेघ होती. पांढरी रेघ म्हणजे तिथे काच रेझिनने नीट भिजलेलीच नाही, कोरडी राहिली.

त्याला म्हटलं, अर्धी मला द्या. त्याने करवतीने कापून दिली, चहासुद्धा पाजला. इकडे आल्यावर लॅबच्या भट्टीत साधारण 600 अंशांवर ठेवली. रेझिन जळून जातं, काच तशीच राहते, आणि काचेचे थर भिजून सुकलेल्या वहीच्या पानांसारखे चिमट्याने एकेक सुटे करता येतात. बोट बांधणाऱ्याने त्याला आठ थर सांगितले होते. मी तीनदा मोजले. पाच मॅट आणि एक विणलेलं जाड कापड. सहा. आम्ही जी नेहमीची मॅट वापरतो तिचा एक थर साधारण एक मिलिमीटर होतो, म्हणजे दोन थर कमी घातले की तळ किती पातळ झाला ते तुम्हीच बघा.

फोन करून त्याला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "तरीच. समोरून लाट आली की कुशीची बाजू भात्यासारखी आत-बाहेर होते. मला वाटायचं फायबर असंच असतं." असं नसतं, बाबा. काच ताणाला मजबूत, पण पातळ पत्रा वाकणारच. त्याला आतून आडव्या-उभ्या पट्ट्या हव्यात, जसे लाकडी बोटीला आतून वाक असतात तशा.

तिसरा माणूस फायबर विकून पुन्हा लाकडीकडे गेलेला. नारगोलचा. ही हकीकत मला सगळ्यात जास्त लागली. खडकावर घासून तळ फाटला आणि बोट मागच्या बाजूने भराभर खाली गेली. बर्फाच्या पेटीला धरून तिघं तरंगले, दुसऱ्या बोटीने उचललं. त्याचं म्हणणं, लाकडी असती तर पाण्याने भरून का होईना, वर राहिली असती. तो चुकत नाहीये. लाकूड स्वतः तरंगतं. फायबर पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असतं, ते फक्त पोकळीमुळे तरंगतं. गेल्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या यार्डात गुडघ्याच्या वर पाणी होतं. झाकण लावलेल्या टाक्या बदकांसारख्या फाटकापर्यंत गेल्या, आणि कापून ठेवलेली एक अर्धी टाकी जागच्या जागी बुडून बसली. दोन्ही एकाच मालाच्या. म्हणून फायबर बोटीत नाळेखाली आणि मागे, दोन्हीकडे बंद कप्पे किंवा आत फोम भरलेला असावा लागतो. नारगोलच्या त्या बोटीत मागचा कप्पा होता, पण मालकानेच जाळी ठेवायला कापून उघडा केला होता. हे त्याने मला दुसऱ्या चहाला सांगितलं, पहिल्याला नाही.

आई, आठवतंय, गेल्या वर्षी 18 जानेवारीला टीव्हीवर "हरणीत बोट उलटली" ऐकून तू हंबरडा फोडलास? तुला आपलं हर्णै वाटलं. ती इथली हरणी होती, आमच्या घरापासून रिक्षाने अर्धा तास, तलावातली बोट. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. सासूबाई तेव्हापासून सुरसागर तलावाच्या कडेनेसुद्धा चालत नाहीत. तेव्हा बाबा, लाइफ जॅकेट घातलं की हात मोकळे राहत नाहीत हे कारण मला आता सांगू नका. जॅकेटं मी इथून आणते. तुम्ही घालायची.

आता त्या निळ्या बोटीचं. मालकाने जेलकोट, म्हणजे वरचा चकचकीत थर, नवा मारलाय म्हणजे खाली काय होतं ते झाकलं गेलंय. मला भीती दोन गोष्टींची. एक म्हणजे फोड. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेल्या फायबरमध्ये पाणी हळूहळू आत शिरतं, आतल्या कच्च्या राहिलेल्या रेझिनशी त्याचं काहीतरी आंबट होतं आणि वर फोड येतात. फोडला तर व्हिनेगरसारखा वास येतो. आमच्या टाक्यांना आतून तेच होतं, मी तर वासावरून सांगते. आपल्याकडे पावसाळ्यात बोटी वर काढून ठेवतात, हे त्या दृष्टीने बरंच. पण ही बोट खाडीत बारमाही उभी असायची असं दादाच म्हणाला. दुसरी भीती इंजिनाच्या बैठकीची. तिथे आणि मागच्या फळीत बहुतेक ठिकाणी आत प्लायवूड घालून वरून फायबर गुंडाळतात. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी गेलं की आतलं प्लायवूड कुजतं आणि वरून तुकतुकीत दिसत राहतं. आपल्या लाकडीने निदान भुसा दाखवला.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. छोटी हातोडी घ्यायची आणि टकटक करत जायचं. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, थर सुटलेल्या जागी बद्द. तुम्ही नारळ वाजवून सांगता ना पाणी किती आहे ते, तसंच. एक कान पुरतो. मालक म्हणेल हातोडीने रंग खराब होईल, तर रुपया घेऊन वाजवा. रुपयालाही नको म्हणाला तर तिथूनच घरी या.

आणि रंग लावलेल्या बोटीत शाफ्टचं भोक, पाण्याचं भोक, जिथे जिथे कड उघडी आहे तिथे बॅटरी मारून बघायचं. पण ते मला करू द्या.

आता आईसाठी. मत्स्य संपदा योजना 2020 मध्ये आली. त्यात सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि महिलांना 60 टक्के मदत आहे. बाजारात टोपली घेऊन तू पस्तीस वर्षं बसलीस, लिलावात तुझ्यासमोर व्यापारी चळचळा कापतात, आणि घरातल्या एकाही कागदावर तुझं नाव नाही. नवी बोट तुझ्या नावावर घेता येते का, हे दादाने मत्स्यव्यवसायच्या कार्यालयात जाऊन विचारावं. फोनवर नको, जाऊनच. बाबा, तुम्ही हसत असाल तर हसा, नाखवीण म्हणायची सवय होईल. नवी बांधायला टाकली तर माल भरतानाचे दोन दिवस मी तिथे सुट्टी काढून उभी राहीन आणि थर मोजीन. फक्त पावसात भरायची नाही. दमट हवेत रेझिन नीट बसत नाही, आणि घाई झाली की हे लोक हार्डनर जास्त ओततात, मग वरून कडक आणि आतून ठिसूळ. इथे मेमध्ये उलट असतं, डबा अर्धा रिकामा व्हायच्या आत माल दगड होतो.

बोट जुनी घ्या की नवी, रात्रीच्या जाळ्याला दादा जाईल आणि तुम्ही पहाटे. हे मी जावईबापूंना विचारून नाही लिहीत, माझं मीच लिहितेय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्याने रात्री दिव्याची रेघ फाटते, असं तुम्हीच आईला सांगितलंत आणि आईने मला.

मी 27 तारखेला निघते. वसईला गाडी बदलून खेड, तिथून एस.टी.ने दापोली आणि हर्णै. दादाने खेडला यायची गरज नाही. सोबत हातोडी, बॅटरी आणि जॅकेटं असतील. सासूबाईंनी लीलवानी कचोरी द्यायचं ठरवलं होतं, पण जूनमध्ये ताजी तूर कुठली, त्यामुळे भाकरवडीच येतेय.

एक राहिलं. आई, लाकडीच्या फळ्या चुलीला येतील असं तू म्हणालीस म्हणे. फायबर म्हातारी झाली की तिचं काहीच होत नाही, ना जळण ना कुंपण, किनाऱ्यावर तशीच पडून राहते, त्यामुळे तुझा हिशेब चुकीचा नाही. पण मी येईपर्यंत नाळेकडची बाजू कोणाला फोडू देऊ नकोस. त्या कडेवर मी खडूने मोजमापं लिहिलेली आहेत, सातवीतली, बाबांनी नंतर तेलाने पक्की केलेली. जळणाला तोवर दुसरं काहीतरी बघ.

तुमची,
ताई